शेवटच्या वाटीतले चिंचोके

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर दर्शनाची कचेरी आहे. तिथल्या कपाटात स्टीलच्या काही वाट्या आणि कॉफीच्या बरणीत भरलेले चिंचोके आहेत. कचेरीत नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, कुणाचा तरी डबा घरी न्यायचा राहून गेला. मग एखाद्या सकाळी दर्शना वाट्या टेबलावर मांडते, बरणी उघडते, आणि सगळे खुर्च्या ओढून भोवती बसतात, तेव्हा त्याला कळतं की इथल्या कामाची वाटणी अशी होते.

काम सॉफ्टवेअरचं. ते लिहिणारे वेगळे आणि लिहिलेलं तपासणारे वेगळे. दर्शना तपासणाऱ्यांची प्रमुख. प्रमुख म्हणजे हाताखाली दोन माणसं, आणि त्यातलं एक कुणाच्या तरी लग्नाला गावी गेलेलं. तपासायचं नेहमी डोंगराएवढं असतं आणि दिवस नेहमी मोजके. म्हणून एक चिंचोका म्हणजे एका माणसाचा अर्धा दिवस, आणि एक वाटी म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग. चिंचोके किती, हे वरून ठरून येतं. वाद असतो तो फक्त कुठल्या वाटीत किती टाकायचे याचा.

"हे सगळं कॉम्प्युटरवर होतं गं," सर्वेश तिला एकदा म्हणाला होता. सर्वेश सॉफ्टवेअर लिहिणारा, मालवणकडचा, बोलायला फटकळ आणि मनाने लोण्यासारखा.

"होतं ना. पण तिथे तू आकडा खोडतोस आणि मोकळा होतोस. इथे एका वाटीतून उचलून दुसरीत टाकावं लागतं. तेवढ्यात हात थांबतो."

चिंचोके तिच्या वडिलांचे. भीमराज, घरात आबा. बुलढाण्याकडून तरुणपणी मुंबईत आले, विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलीला भागाकार त्यांनी चिंचोक्यांवर शिकवला. बाकी उरली की विचारायचे, "हा उरलेला कोणाचा?" ती म्हणायची, "कोणाचाच नाही." "कोणाचाच नाही असं नसते बाई, नीट पाह्य."

आबांची सगळी ऐट त्यांच्या आवाजात होती. घाटकोपरच्या पंतनगरात, विहारात, वंदना तेच म्हणायचे. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मागच्या इमारतीतल्या बायका स्वयंपाकघरातून हात जोडायच्या. आई गेली, तेव्हा दर्शना त्यांना मुलुंडला स्वतःच्या घरी न्यायला आली. आबांनी पिशवी भरूच दिली नाही.

"मले काय धाड भरली? इथं माझं विहार हाये, माझी माणसं हायेत. तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मी कोणाशी बोलू, कबुतरांशी?"

मुलुंडहून अंधेरीला जाताना दर्शना घाटकोपरला उतरून मेट्रो धरते. स्टेशनपासून पंतनगर रिक्षाने अगदी थोडक्यात. त्यामुळे तिचं रोजचं ठरून गेलं. घाटकोपरला उतरायचं, आधी आबांकडे जायचं, भाजीभाकरीचा डबा ठेवायचा, त्यांच्या हातचा अतिगोड चहा उभ्याउभ्या प्यायचा, आणि मग मेट्रो. कचेरीत पोचायला रोज थोडा उशीर व्हायचा. साहेब काही म्हणायचे नाहीत. फक्त घड्याळाकडे बघायचे.

अशात कंपनीकडे 'सोबत'चं काम आलं. मुलुंडचा एक छोटासा ट्रस्ट एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी सेवा चालवणार होता. रोज सकाळी यंत्र प्रत्येकाला फोन करणार, "नमस्कार, बरे असाल तर एक दाबा," आणि त्या माणसाने एक दाबला की नातेवाइकाच्या फोनवर हिरवा ठिपका उमटणार. दाबला नाही, फोन उचललाच नाही, तर ठिपका लाल, आणि जवळ राहणाऱ्या स्वयंसेवकाला निरोप. स्वयंसेवकाने 'निघालो' किंवा 'निघाले' असं बटण दाबायचं आणि जाऊन बघायचं.

पहिल्या सभासदांत दर्शनाने आबांचं नाव घातलं. ते आधी चिडले. "म्हंजे रोज सकाळी मी मेलो नाही हे मशीनले सांगू?" पण मुलीने केलेली वस्तू म्हणून कबूल झाले, आणि शेजारच्या शांताबाईंना कौतुकाने सांगूही लागले, "माझ्या पोरीचं मशीन हाये."

सुरुवातीला हिरवा ठिपका आल्यावरही दर्शना आबांकडे जायची. मग एके दिवशी घाईत होती, ठिपका हिरवा होता, ती थेट मेट्रोत चढली. दुसऱ्या दिवशी गेली. मग पुन्हा चुकवलं. पुढे पुढे भेट फक्त रविवारची झाली. ठिपका उमटला की तिला खरंच आबांना भेटल्यासारखं वाटायचं. त्यांनाही वाटत असेल, असं तिने धरलं.

सेवेत वेगळीच अडचण निघाली. फोन कानाला लावला की पडद्यावरचे आकडे दिसेनासे होतात. म्हातारी माणसं फोन खाली घेऊन एकचा आकडा शोधेपर्यंत फोन बंद, आणि ठिपका लाल. स्वयंसेवक जिने चढून धापा टाकत जायचे, तर दार उघडून कुणी विचारायचं, "काय हवंय?"

ट्रस्टच्या नीलाताई, निवृत्त परिचारिका, स्वयंसेवकांचं सगळं बघायच्या. वाटणीच्या दिवशी त्या स्वतः अंधेरीला आल्या आणि पदर खोचून टेबलाशी बसल्या.

"परवा मी धावत गेले, दर्शना, तर म्हातारी कुकर लावत होती. वर मलाच म्हणते, आलीयेस तर लसूण सोल."

सगळे हसले. नीलाताई हसल्या नाहीत.

"हसू नका. माझी दोन माणसं सोडून गेली. गेली ती गेली, राहिलेली आता उठत नाहीत गं. लाल दिसलं की म्हणतात, असेल नेहमीचंच. उद्या खरंच कुणी पडलं तर?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जिथे उगाच हाका येतात, तिथे खऱ्या हाकेलाही कुणी उठत नाही. म्हणून सर्वेशने आकड्याऐवजी आवाज घेतला. 'बरे असाल तर हो म्हणा.' पण म्हातारी माणसं नुसतं 'हो' कुठली म्हणायला! कुणी म्हणे, "जिवंत आहे रे बाबा अजून," कुणी यंत्रालाच विचारी, "तू कसा आहेस?", कुणी गुजरातीत काही सांगे, एक आजोबा नुसते खाकरत. शेवटी सर्वेशने सैल केलं. माणसाचा आवाज ऐकू आला की बरं आहे असं धरायचं.

आता हे सैल केलेलं तपासायचं होतं. दर्शनाने पुन्हा वाट्या मांडल्या; नीलाताई याही वेळी येऊन बसल्या होत्या. फोन लागणं ही एक. आवाज ओळखणं ही दुसरी, सगळ्यात मोठी. निरोप स्वयंसेवकापर्यंत पोचणं, नातेवाइकाचा ठिपका, अशा आणखी काही. आणि अगदी कडेला एक वाटी, जिच्याखाली तिने चिठ्ठी ठेवली होती: फोन उचलला, पण सांगता येत नाही. तिच्यात दोन चिंचोके होते.

"आवाजाला कमी पडतायत," सर्वेश म्हणाला. "एवढ्या भाषा, एवढी खोकणारी माणसं. ते दोन इकडे दे."

"राहू दे रे. त्या वाटीकडे कुणी बघितलेलंच नाही."

"कारण तिथे काही नाहीये, यार. फोन उचलू शकतो म्हणजे माणूस ठीक आहे ना? बेशुद्ध माणूस फोन उचलत नाही. आणि तिकडून आजवर एक तक्रार नाही."

ते खरं होतं. तिकडून एकही तक्रार नव्हती. नीलाताई थकलेल्या डोळ्यांनी आवाजाच्या वाटीकडे बघत होत्या. दर्शनाने ते दोन चिंचोके उचलले आणि आवाजाच्या वाटीत टाकले. तिनेच, स्वतःच्या हाताने. तेव्हा हात थांबला होता की नाही, हे पुढे तिने कितीदा तरी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

नवी आवृत्ती उत्तम चालली. लाल ठिपके कमी झाले, स्वयंसेवक पुन्हा उठून जाऊ लागले. ट्रस्टची माणसं पेढे घेऊन कचेरीत यायची होती. त्या सकाळी दर्शना घाटकोपरला उतरली, चालता चालता फोन पाहिला. आबांचा ठिपका हिरवा होता. ती मेट्रोच्या जिन्याकडे वळली.

शांताबाईंचा फोन आला, तेव्हा पेढ्यांचा डबा टेबलावरून फिरत होता.

"दर्शना, तू ये गं लवकर. दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराला तशीच लटकत होती, म्हणून मी दार वाजवलं. आतून कायतरी आवाज येतोय पण दार उघडत नाहीत. पोरांनी कडी तोडली. खाली पडलेत आबा. जागे आहेत, बघतायत, पण..."

"पण काय, मावशी?"

"बोलत नाहीत गं. आबा बोलत नाहीत."

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गाठ अडकली होती. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने कागदावर लिहिता लिहिता म्हटलं, "सकाळीच आणलं असतं, तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता त्याची वेळ गेली." मान वर करून त्याने दर्शनाकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, "म्हणजे, तरी सांगता येत नाही." तो चांगला मुलगा होता.

आबांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं बरंचसं. पाणी हवं असलं तर ते तोंड उघडत, सगळा जीव गोळा करत, आणि बाहेर येई, "ते… ते… ते." दर्शनाचं नाव घ्यायला जात, तरी "ते… ते." मग डोळे मिटून घेत. एक दिवस विहारातली माणसं भेटायला आली आणि खाटेभोवती उभी राहून त्यांनी हळू आवाजात वंदना सुरू केली. आबांचे ओठ हलले, आणि मग त्यांच्या तोंडून सगळी वंदना, एकही शब्द न चुकता, त्याच जुन्या चालीवर बाहेर पडली. शांताबाई रडायलाच लागल्या. दर्शना खाटेजवळ वाकली. "आबा, आता म्हणा, दर्शना. म्हणा ना." आबांनी तिच्याकडे बघितलं. "ते," ते म्हणाले. वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी समजावलं की असं होतं. पाठ असलेलं मेंदूत दुसरीकडे राहतं, ते वाचतं. मनातलं सांगायची जागा मात्र गेली होती.

पुढे घरी, मुलुंडला, सातव्या मजल्यावर आबा आले. खिडकीत बसायचे. कबुतरं यायची.

प्रीतम, दर्शनाचा नवरा, तिला म्हणाला, "तुझी काही चूक नाही." तिने मान हलवली.

ती कामावर परतली त्या दिवशी वाट्या आधीच मांडलेल्या होत्या, आणि कडेच्या वाटीत सर्वेशने चिंचोक्यांची रास केली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता. "मी बदललंय," तो म्हणाला. "फोन उचलून कुणी गप्प राहिलं, अस्पष्ट बोललं, की लगेच लाल. दहा तऱ्हेने तपासलं. मी स्वतः बोबडं बोलूनसुद्धा पाहिलं. सगळीकडे लाल होतंय."

दर्शनाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा गप्प नव्हते, सर्वेश. त्यांच्या आवाजामुळेच तर ठिपका हिरवा झाला."

'सोबत'चे फोन काही काळ साठवून ठेवलेले असतात. त्या सकाळचा फोन नीलाताईंनी पुसू दिला नव्हता. त्यांनी तो जपला होता आणि कुणापाशी त्याचं नावही काढलं नव्हतं.

"ऐकलायस तू?" दर्शनाने तो तपासायला मागितला, तेव्हा त्यांनी विचारलं.

"नाही."

"नको ऐकूस गं. दुसरं काही होत नाही का? असा आवाज कुणाकडून तरी काढून घ्या."

"सर्वेशने काढून बघितला. पण तो सांगता येत असलेला माणूस आहे. त्याला सांगता न येणं येत नाही."

घरी येऊन तिने आधी आबांना विचारायचं ठरवलं. आवाज त्यांचा होता. त्यांच्याजवळ बसून तिने सांगितलं, तसा आबांनी डाव्या हाताने फोन ओढलाच. दोघांनी मिळून ऐकलं. यंत्राचा हसरा आवाज, "नमस्कार, बरे असाल तर हो म्हणा." मग काहीतरी पडल्याचा आवाज, घशातली घरघर, आणि आबा, "ते… ते… ते," आधी हळू, मग घाबरून, मग वंदनेला लावायचे तसा आवाज चढवून, "ते! ते!" मग यंत्र म्हणालं, "छान. तुमचा दिवस चांगला जावो."

आबांनी खूण केली, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावला. ते दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकावं तसे, मान तिरकी करून ऐकत होते.

"हा तपासायला वापरू का, आबा? म्हणजे कायमचा राहील तो. दरवेळी वाजेल."

आबांनी मान हलवली. पण हल्ली त्यांची मान हो म्हणताना नाही म्हणायची आणि नाही म्हणताना हो. वाचेच्या बाईंनी त्यांना दोन डबे दिले होते, हिरव्या झाकणाचा म्हणजे हो, लाल झाकणाचा म्हणजे नको. दर्शनाने कचेरीतून आणलेला एक चिंचोका त्यांच्या डाव्या हातात ठेवला. आबांनी तो हिरव्या झाकणावर ठेवला.

तिने डब्यांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा विचारलं. हात सवयीने त्याच बाजूला जातो की काय, हे तिला बघायचं होतं. आबांनी तिच्याकडे अगदी तसं पाहिलं, जसे लहानपणी तिने सोपं गणित दोनदा विचारलं की बघायचे. मग हात लांब करून त्यांनी चिंचोका हिरव्यावरच ठेवला, जरा आपटूनच.

दर्शना हसली. कितीतरी दिवसांनी, आणि तिथेच तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी आबांचा फोन सर्वेशने बदललेल्या आवृत्तीला ऐकवला. ठिपका हिरवा झाला. यंत्र म्हणालं, तुमचा दिवस चांगला जावो. सर्वेश उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग यंत्राला दुसरा प्रश्न शिकवला, "आज वार कोणता?" आणि उत्तर समजलं नाही तर लाल. त्याने पुन्हा खोटे लाल वाढणार होते. नीलाताईंनी स्वयंसेवकांना एकत्र बसवून आबांची गोष्ट सांगितली. एकजण फक्त म्हणाला, "सोलू लसूण."

पण वरून ठरून आलेले चिंचोके तेवढेच होते. कडेच्या वाटीतले ठेवायचे तर दुसरीकडून घ्यायला हवे होते. दर्शना प्रत्येक वाटीवर हात नेऊन मागे आणत राहिली. तमिळ बोलणाऱ्यांचे घ्यावेत? निरोप पोचायचे घ्यावेत? कुठूनही घेतले तरी तिथे कुणाचे तरी आबा होते. शेवटी तिने एका वाटीतून उचलले. कुठल्या, ते तिला आजही नीट आठवतं. रोज आठवतं.

आबा पुढच्या थंडीत गेले. दुसरा झटका झोपेत आला. सकाळी कबुतरं खिडकीत होती आणि आबा नव्हते. पंतनगरच्या विहारात वंदना म्हणायला दुसरे एक गृहस्थ उभे राहिले. चांगलं म्हणाले. ध्वनिक्षेपक लावावा लागला.

तपासणाऱ्यांचा एक रिवाज आहे. एकदा सापडलेली चूक पुन्हा डोकं वर काढते, म्हणून नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी आजवरच्या सगळ्या जुन्या चुका एकदा लावून बघायच्या. 'सोबत'ची नवी आवृत्ती निघते, त्याआधी आबांचा फोन लागतो. सर्वेशने कधीच सुचवलं होतं की हे काम आपोआप होऊ दे, कुणी ऐकायची गरज नाही. दर्शना म्हणाली, बाकीची होऊ दे.

ती दार लोटून घेते. "ते… ते… ते," आबा म्हणतात, आधी हळू, मग घाबरून. यंत्र वार विचारतं. "ते!" आबा आवाज चढवतात. ठिपका लाल होतो, आणि टेबलावरचा तपासणीचा फोन वाजतो. त्याच्यावर निरोप असतो: भीमराज, पंतनगर, घाटकोपर. फोन उचलला, उत्तर समजलं नाही. कृपया जाऊन पाहावे.

खाली बटण असतं. ते दाबल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

दर्शना 'निघाले' दाबते.